घरी बांधलेल्या गाडीचा डॅशबोर्ड : मीटर कुठं, कसे आणि का बसवायचे?

बेळगाव : उद्यमबाग आणि मच्छे पट्ट्यात लेथ, वेल्डिंग आणि फौंड्रीचं काम कोणाला नवीन नाही. त्यामुळं जुनी जीप पार उघडून पुन्हा उभी करणारे हौशी लोक आपल्या भागात बरेच दिसतात. इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं स्पर्धेसाठी पाइप वाकवून चासिसपासून गाडी बांधतात, तीही इथल्याच वर्कशॉपच्या आधारानं. या सगळ्या कामात एक गोष्ट मात्र हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. ती म्हणजे डॅशबोर्डवरचे मीटर.

इंजिन बसलं, ब्रेक लागले, रंग झाला, की पत्र्याला चार भोकं पाडायची, मीटर अडकवायचे आणि वायरी जोडायच्या, असा प्रकार चालतो. दिसायला गाडी छान दिसते. पण तेलाचा दाब पडला तरी काटा जागचा हलत नाही, टाकी रिकामी असताना मीटर ‘फुल’ दाखवतो, नाही तर फ्यूज नसलेली वायर पत्र्याला घासून धूर निघतो. मीटर ही शोभेची वस्तू नाही. चालकाला वेळेवर आणि खरं सांगणं हे त्याचं काम. या एका कसोटीवर प्रत्येक निर्णय घेतला, की बाकीचं सोपं होतं. ही माहिती त्यासाठीच.

आधी कायद्याचं

गाडी घरी बांधली म्हणजे ती रस्त्यावर चालवता येते, असं आपल्याकडं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि नोंदणीसाठी त्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातली आपल्याला ओळखीची संस्था. एका माणसानं बांधलेल्या एका गाडीला हा खर्च आणि खटाटोप परवडण्यासारखा नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. भंगारातल्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यानं बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली. कौतुक वेगळं आणि परवानगी वेगळी, हे त्यातून घ्यायचं.

नोंदणी झालेली जुनी जीप असेल तर कलम ५२ लागू होतं. मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंजिन, चासिस, बॉडी यातलं काही बदलायचं असेल तर आधी आरटीओकडं जायचं. केए-२२ असो, एमएच-०९ असो की गोव्याची पाटी, कायदा केंद्राचा आहे, सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही. नियम ११७ प्रमाणे चालकाला दिसेल असा आणि चालणारा स्पीडोमीटर मोटारीला लागतोच. म्हणजे जीप रिस्टोअर करताना ‘स्पीडोमीटर नंतर बघू’ म्हणून चालत नाही.

ब्रिटनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथं १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनपासून सुट्या भागांतून घरी गाडी जोडायची परंपरा रुजली. अशी एकेक गाडी तपासून रस्त्याला पास करायची ‘आयव्हीए’ नावाची चाचणी तिथं आहे. डोकं आपटू शकेल अशा भागातली कडक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येनं गोल असावी, हा तिथल्या तपासणीतला प्रसिद्ध मुद्दा. डॅशबोर्डच्या कापलेल्या पत्र्याची धार तशीच सोडणाऱ्यांनी एवढं तरी तिकडून उचलावं.

आपल्याकडं घरी बांधलेली गाडी चालते ती खासगी आवारात, नाही तर स्पर्धेच्या ट्रॅकवर. बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. तिथं जाणाऱ्या गाड्यांना त्या त्या वर्षाची नियमपुस्तिका लागू असते, ती वाचूनच पॅनेल आखावं.

कुठले मीटर लागतात?

पूर्ण संच सहा मीटरचा धरला जातो : स्पीडोमीटर, इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएम मीटर, पाण्याचं तापमान, तेलाचा दाब, इंधन आणि बॅटरीचं व्होल्टेज. यातले स्पीडोमीटर आणि आरपीएम मोठे, म्हणजे ८० ते १०० मिलिमीटर व्यासाचे घेतात. बाकीचे चार लहान, बहुतेक ५२ मिलिमीटरचे. हा ५२ चा आकडा म्हणजे जुना दोन पूर्णांक एक सोळांश इंच. म्हणून जुन्या आणि नव्या कंपन्यांचे लहान मीटर बऱ्याचदा एकाच भोकात बसतात.

पैसे कमी असतील तर आरपीएम मीटर नंतर घ्या, पण तेलाचा दाब आणि तापमान यात काटकसर नको. इंजिन मरतं ते या दोन कारणांनी. तेलाचा दाब गेल्यावर बेअरिंग खराब व्हायला मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि एका मीटरची किंमत इंजिनाच्या कामापुढं किरकोळ असते.

जुन्या गाड्यांत चार्जिंग दाखवायला अँपिअर मीटर असायचा. तो नव्या कामात वापरू नये. गाडीचा जवळजवळ सगळा करंट जाड वायरीनं डॅशबोर्डपर्यंत येऊन त्या मीटरमधून जातो. तिथला नट ढिला झाला की जागा तापते, आणि वायर पत्र्याला लागली तर आगच. व्होल्ट मीटर हे काम सुरक्षितपणे करतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा असला, की अल्टरनेटर ठीक आहे असं समजायचं.

जुन्या विलीज जीपचे मीटर मिळाले म्हणून खूश होण्याआधी त्यांचं व्होल्टेज बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीजची वायरिंग ६ व्होल्टची होती. तो मीटर थेट १२ व्होल्टला जोडला तर जळतो.

जागा ठरवताना सीटवर बसा

पॅनेल टेबलावर आखू नये. सीट, स्टीअरिंग आणि पेडल आपापल्या जागी बसल्यावर, जो गाडी चालवणार त्यालाच बसवून आखावं. जाड पुठ्ठ्याचं पॅनेल कापा, मीटरच्या मापाच्या गोल चकत्या करा आणि टेपनं चिकटवून बघा. स्टीअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागातून जी मोकळी जागा दिसते, तिथं स्पीडोमीटर आणि आरपीएम. तेलाचा दाब आणि तापमान त्यांच्या लगेच बाजूला. इंधन आणि व्होल्ट मीटर मध्यावर सरकले तरी चालतात, कारण ते मिनिटा-दोन मिनिटांत बदलत नाहीत.

यामागं साधा हिशेब आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मीटर शोधायला दोन सेकंद मान खाली गेली, तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला. त्या अंतरात म्हैस आडवी येऊ शकते, मूल धावू शकतं.

लहान मीटर भोकात गोल फिरवता येतात, याचा फायदा रेसिंगवाले घेतात. प्रत्येक मीटर असा फिरवून बसवायचा, की सगळं ठीक असताना सगळे काटे सरळ वर, बारा वाजल्यासारखे उभे राहतील. आकडे तिरके दिसतात, पण आकडे वाचायची गरजच पडत नाही. एखादा काटा वाकडा दिसला की नजर आपोआप तिथं जाते.

पॅनेल उभं सरळ न ठेवता वरची कड थोडी पुढं, बॉनेटच्या बाजूला झुकवावी, म्हणजे मीटरचा चेहरा डोळ्यांकडं होतो. तिरकं बघितलं की काटा खऱ्या आकड्याच्या बाजूला सरकलेला दिसतो. उघड्या जीपमध्ये दुपारचं ऊन थेट काचेवर येतं, म्हणून वर दोन-तीन इंचांची झापड ठेवा आणि पॅनेलला चकचकीत रंग देऊ नका. रात्री तोच उजेड पुढच्या काचेत उलटा दिसतो, त्यालाही झापडच उपाय.

पुढून जागा ठरली की मागं बघा. मीटरची मागची खोली, त्यावर कनेक्टर, त्यावर वळणारी वायर किंवा केबल हे सगळं धरून मोजायचं. वायपरचा दांडा, स्टीअरिंगचा कॉलम आणि ब्रेक पेडलचा वरचा भाग नेमका तिथंच फिरत असतो. पेडल पूर्ण दाबून आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, काही अडत नाही याची खात्री करून मगच भोक पाडा.

पत्रा आणि भोकं

पॅनेलसाठी २ ते ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा सोपा पडतो. दीड मिलिमीटरचा लोखंडी पत्राही चालतो, पण गंज आणि वजन आलं. जुन्या धाटणीच्या गाडीला प्लायवूडवर रेग्झिन छान दिसतं. मात्र मीटर मागून यू आकाराच्या पट्टीनं आवळला जातो आणि जाड प्लायला त्या पट्टीचे स्टड पुरत नाहीत. मीटर हातात घेऊन आधी मोजून बघा.

भोकाचं माप पुस्तकातून घेऊ नका. व्हर्निअरनं मीटरची बॉडी मोजा, बाहेरची रिंग नाही. रिंग भोकापेक्षा मोठी असते आणि तीच पत्र्यावर टेकते. दोन मीटरमधलं अंतर मात्र रिंगच्या मापावर काढायचं, नाही तर भोकं बरोबर पडतात आणि रिंग एकमेकींवर चढतात.

मध्यबिंदूवर सेंटर पंच मारा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून पत्रा शिकंज्यानं घट्ट बांधा आणि होल-सॉ कमी वेगानं चालवा. अॅल्युमिनियम दातांत चिकटतो, म्हणून अधूनमधून थोडं तेल सोडायचं. पत्रा हातात धरून होल-सॉ चालवणं म्हणजे मनगटाशी खेळ. ५२ चा होल-सॉ नसेल तर ५० चा मारून अर्धगोल कानशीनं वाढवता येतो. मोठं झालेलं भोक मात्र परत लहान होत नाही. आधी त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर एक भोक पाडून मीटर बसवून बघणं केव्हाही बरं. शेवटी दोन्ही बाजूंच्या धारा कानशीनं मोडा.

एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मीटरला मारक असते. काटा नाचतो, आतली नाजूक जोडणी सुटते. मीटर आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ रबरी रिंग आणि पॅनेल बॉडीला जोडताना रबरी बुश द्यावेत. मागचे नट हातानं बसवून पान्यानं जेमतेम अर्धा फेरा आवळावेत. जास्त आवळलं की मीटरची बॉडी दबते आणि काटा अडकतो.

मीटर आणि सेंडर : जोडी जुळली पाहिजे

खरी गफलत इथं होते. इलेक्ट्रिक मीटर स्वतः काही मोजत नाही. टाकीत, इंजिनात बसवलेला सेंडर आपला रोध बदलतो आणि मीटर तेवढा काटा हलवतो. प्रत्येक घराण्याचा हिशेब वेगळा. युरोपीय पद्धतीच्या इंधन सेंडरमध्ये रिकाम्या टाकीला साधारण १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात. अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं : रिकाम्याला २४०, भरलेल्याला ३३.

आता युरोपीय सेंडरला अमेरिकन मीटर जोडला, तर टाकी संपत आली की काटा ‘फुल’कडं जाणार. चोर्ला घाटाच्या मध्यावर गाडी बंद पडल्यावर हा शोध लागू नये. दुकानातून मीटर आणि सेंडर एकाच संचातले घ्या. जुन्या टाकीतला सेंडर ठेवायचा असेल तर मल्टिमीटरनं त्याचा रोध फ्लोट खाली असताना आणि वर असताना मोजा, आकडे लिहून ठेवा आणि त्याला जुळणारा मीटर शोधा.

टाकीवर काम करताना बॅटरीची वायर काढलेली असावी आणि काम उघड्यावर असावं. रिकामी टाकी सुरक्षित असते हा मोठा गैरसमज आहे. पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफच लवकर पेटते. सेंडरसाठी टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते टाकीचं काम नेहमी करणाऱ्याकडंच द्यावं.

इंजिनात बसणाऱ्या सेंडरचे आटे हा दुसरा सापळा. बाजारात तीन प्रकार जास्त आढळतात : आठवा भाग इंच एनपीटी, आठवा भाग इंच बीएसपी आणि एम१० बाय १. तिन्ही दिसायला सारखे. पण एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८, आणि एम१० ला एक मिलिमीटरचा पिच. एकात दुसरा दोन-तीन फेरे सहज जातो, मग जड होतो, आणि जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. सेंडर हातानं निम्म्याच्या वर गेला नाही तर थांबा, पिच गेज लावून बघा. जुळत नसेल तर योग्य अडॅप्टर लेथवर करून घेणं आपल्याकडं अवघड नाही.

एका वायरीच्या सेंडरचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. त्यावर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर संपर्क कमी होऊन मीटर चुकीचं दाखवतो. टेप लावायचीच तर कमी लावा आणि बसवल्यावर सेंडरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत रोध मोजा. तो जवळजवळ शून्य आला पाहिजे.

तेलाचा दाब

यांत्रिक मीटरमध्ये इंजिनातलं गरम तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. तो बिनविजेचा आणि विश्वासू असतो. पण नळी फुटली तर उकळतं तेल चालकाच्या पायावर. प्लॅस्टिकची नळी सायलेन्सरजवळून नेऊ नका, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट द्या. तांब्याची नळी असेल तर इंजिनाजवळ तिला दोन गोल वेटोळे द्या, म्हणजे इंजिनाच्या हालचालीनं ती चिरत नाही. हा त्रास नको असेल तर इलेक्ट्रिक सेंडर घ्यावा.

मीटर बसवला म्हणून जुना लाल दिवा काढून टाकू नका. टी-जोड लावून दोन्ही ठेवा. दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पीएसआयच्या आसपास लागतो, म्हणजे तो शेवटची हाक मारतो. मीटर त्याआधी बराच वेळ इशारा देत असतो. जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब असा, की गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांना साधारण १० पीएसआय. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. काही मीटर बारमध्ये असतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

पाण्याचं तापमान

सेंडर थर्मोस्टॅटच्या आधी, इंजिनाच्या बाजूला असावा. थर्मोस्टॅटच्या पुढं रेडिएटरच्या पाइपात बसवला, तर थर्मोस्टॅट अडकून बंद राहिल्यावर इंजिन तापत असताना मीटर थंड दाखवतो. दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : पाणीच गळून गेलं तर सेंडर हवेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. तापलेला काटा एकाएकी ‘थंड’वर आला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही.

मीटर बसवण्याआधी त्याची परीक्षा घरीच होते. सेंडरची बॉडी वायरीनं अर्थ करून त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. पणजीत काटा १०० वर आला पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. काटा तिथं आला तर मीटर बरोबर आहे. रेडिएटरच्या बंद झाकणाखाली दाब असल्यानं पाणी त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला उकळतं, हेही ध्यानात असू द्या.

स्पीडोमीटर आणि आरपीएम

टायर किंवा गिअरबॉक्स बदलला की जुना स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. हिशेब साधा आहे. टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा, गाडीत माणूस बसवून चाक बरोबर दहा फेरे ढकला, अंतर मोजून दहानं भागा. समजा एका फेऱ्याला १.९ मीटर आले, तर एका किलोमीटरला चाक ५२६ वेळा फिरतं. इलेक्ट्रॉनिक मीटरचा सेन्सर त्याच चाकाच्या चार बोल्टवरून सिग्नल घेत असेल, तर किलोमीटरला २१०५ पल्स. हा आकडा मीटरमध्ये भरायचा. केबलवाल्या मीटरच्या डायलवर बऱ्याचदा केबलच्या फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मैलाचा आहे की किलोमीटरचा हे बघून गिअरबॉक्सच्या केबलशी जुळवावा.

आंतरराष्ट्रीय नियमावलीत तत्त्व असं आहे, की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. म्हणजे खरा वेग ६० असताना मीटरवर ६० ते ७० च्या मधला आकडा यावा. नोंदणीची जीप असेल तर हायवेवर किलोमीटरच्या दगडांवर तपासा. कायम ६० च्या वेगात एक किलोमीटरला बरोबर एक मिनिट लागतं. घड्याळ बघायला शेजारी दुसरा माणूस हवा. नोंदणी नसलेली गाडी मात्र बंद आवारात, मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघावी.

जुना स्पीडोमीटर बदलला की किलोमीटरचा आकडाही बदलतो. बदलाची तारीख आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवा. व्यवहार सरळ राहतो.

आरपीएम मीटर लावताना सिलिंडरची निवड बघा. चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या असतात. डिझेल जीपला इग्निशन कॉइलच नसते, त्यामुळं पेट्रोलचा मीटर तिथं चालत नाही. अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून किंवा फ्लायव्हीलच्या सेन्सरवरून चालणारा वेगळा मीटर लागतो.

वायरिंग

मीटरला बहुधा चार जोडण्या असतात : इग्निशनचा प्लस, अर्थ, सेंडर आणि दिव्याचा प्लस. सगळ्या मीटरचा प्लस इग्निशन स्विचनंतर, एका लहान स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. पाच अँपिअर भरपूर होतात. फ्यूज वायरीच्या सुरुवातीला, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला पाहिजे. डॅशबोर्डजवळ लावलेला फ्यूज त्याच्या आधीच्या वायरीला वाचवत नाही.

प्लाय किंवा फायबरच्या पॅनेलमधून अर्थ मिळत नाही. प्रत्येक मीटरचा अर्थ एका काळ्या वायरीनं जोडून बॉडीवर, रंग खरवडून, एकाच ठिकाणी पक्का करा. दिवे लावल्यावर इंधनाचा काटा हलला, तर समजा अर्थ कच्चा आहे.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही मीटरना १० व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो. त्याची बॉडी अर्थ नसेल तर इंधन आणि तापमान दोन्ही काटे एकदम जास्त दाखवतात. दोन मीटर एकाच वेळी बिघडलेले दिसले, तर मीटर बदलण्याआधी तो बघा.

चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी घालायचा मोह होतो. पण बऱ्याच अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला लागणारा थोडा करंट त्याच बल्बमधून मिळतो. नुसता एलईडी घातला की अल्टरनेटर चार्जच करत नाही. तिथं मूळ वॅटचा बल्बच ठेवा. दिव्यांचे रंगही मनाला येतील तसे नकोत : अपर लाइटला निळा, इंडिकेटरला हिरवा, तेलाला आणि चार्जिंगला लाल. कोणीही चालवायला बसला तरी त्याला कळलं पाहिजे.

पॅनेलच्या सगळ्या वायरी एका मोठ्या प्लग-सॉकेटमधून घ्या आणि मागं वीतभर वायर जादा सोडा. मग दुरुस्तीला पॅनेल चार स्क्रू काढून मांडीवर घेता येतं. प्रत्येक टोकाला चिठ्ठी आणि एका कागदावर आकृती. दोन वर्षांनी वायरमन बदलला, तर हाच कागद उपयोगी पडतो.

पहिल्यांदा सुरू करताना

बॅटरी जोडण्याआधी प्रत्येक वायर मल्टिमीटरनं तपासा. मग इग्निशन चालू करा, इंजिन नाही. तेलाचा आणि चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. इंधन टाकताना पाच-पाच लिटर टाकून काटा कुठं येतो ते लिहा. टाकी वाकडीतिकडी असेल तर अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी नसते.

इंजिन सुरू झाल्यावर नजर फक्त तेलाच्या मीटरवर. काही सेकंदांत काटा उठला नाही तर लगेच बंद करा. ‘मीटरच खराब असेल’ असं म्हणून चालवत राहू नका. दुसरा मीटर लावून खात्री होईपर्यंत मीटरचंच खरं धरायचं. त्यानंतर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन जागेवर चालू ठेवून तापमान बघा आणि शेवटी दिवे, हॉर्न, वायपर एकेक लावून कुठला काटा हलतो का ते पाहा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पॅनेल एकदा उघडून नट, ग्रोमेट आणि नळ्यांचे जोड तपासावेत. थरथरीनं जे सुटायचं ते बहुतेक एवढ्यात सुटतं, आणि ते उभ्या गाडीत हाताला लागलेलं बरं.